वाळवंटातील सुवर्णशोध आणि पहिल्या धातुशोधक यंत्राची निवड

सोन्याची पारख आपल्या व्यापारी समाजास नवी नाही. कसोटीवरील रेघ पाहून कस सांगणारी आणि गुंज-माशांचा हिशेब तोंडी करणारी माणसे इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील सराफकट्ट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहेत. परंतु पेढीवर येणारे सोने हे भट्टीतून निघालेले, अनेक हातांतून फिरलेले सोने असते. भूमीच्या पोटात पडलेला मूळ खडा कसा शोधतात, याची माहिती आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. आज सभासदांपैकी कित्येकांची मुले व नातवंडे अमेरिकेतील अरिझोना, कॅलिफोर्निया यांसारख्या प्रांतांत, तर काहींची ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. त्या देशांत सुटीच्या दिवशी धातुशोधक यंत्र घेऊन वाळवंटात सोने शोधण्याचा छंद रूढ आहे. यंत्राची किंमत काही शेकड्यांपासून कित्येक हजार डॉलरांपर्यंत असल्यामुळे ‘घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर कोणते?’ हा प्रश्न केवळ हौसेचा न राहता घरच्या भांडवलाचा होऊन बसतो. त्या प्रश्नाचा व्यापारी दृष्टीने विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सोने वाळवंटातच का शिल्लक राहिले?

प्रथमतः मनात शंका येते ती ही, की दीडशे वर्षे ज्या भूमीवर हजारो लोकांनी सोने शोधले, तेथे आता उरले काय असणार? या शंकेचे उत्तर ‘पाणी’ या एका शब्दात आहे. सोन्याची घनता पाण्याच्या सुमारे १९ पट असते. म्हणून वाहत्या पाण्यात माती धुतली की माती वाहून जाते व सोने तळाशी राहते. आपल्याकडचा झारेकरी सोनाराच्या दुकानातील धूळ याच न्यायाने धुतो. परंतु वाळवंटात धुण्यास पाणीच नाही. ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली येथे १८९३ साली सोने सापडले, आणि तेथे पाणी पोचविण्यासाठी सुमारे ५५० किलोमीटर लांबीची नळवाहिनी घालावी लागली. ती १९०३ साली पुरी झाली. यावरून त्या प्रदेशातील पाण्याच्या दुर्भिक्षाची कल्पना यावी.

अरिझोनामध्ये १८६३ साली रिच हिल या टेकडीवर सोन्याचे खडे उघड्यावर सापडले. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात रँड्सबर्गजवळ १८९५ साली सोन्याचा मोठा शोध लागला. अशा ठिकाणी जुने खाणकरी भात्याच्या वाऱ्याने माती पाखडणारे कोरडे यंत्र वापरीत. सुपात धान्य पाखडावे तसा तो प्रकार. त्या यंत्रावर प्रथम एक चाळण असे व मोठे दगडगोटे तिच्यावरून बाजूस फेकले जात. त्या गोट्यांबरोबर सोन्याचा एखादा मोठा खडाही नकळत ढिगाऱ्यात जाई. शिवाय अरिझोनाच्या मातीत चुन्याने घट्ट बांधलेला, काँक्रीटसारखा एक थर असतो. त्यास ‘कॅलिची’ म्हणतात. त्यात रुतलेले खडे वाऱ्याने सुटत नसत. अशा रीतीने मागे राहिलेले सोने आजच्या यंत्रास सापडते. १९७७ साली रँड्सबर्गजवळच धातुशोधक यंत्राने १५६ ट्रॉय औंसांचा खडा निघाला, तो ‘मोहावी नगेट’ या नावाने प्रसिद्ध आहे. मात्र असा खडा ही अपवादाची गोष्ट होय. तिच्या आधारावर कोणी आपला अंदाज बांधू नये.

यंत्र काय ऐकते आणि काय ऐकत नाही

धातुशोधक यंत्र सोने ओळखते, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. यंत्राच्या टोकास तारेचे एक चपटे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र भूमीतील धातूच्या तुकड्यास स्पर्श करताच त्या तुकड्यात सूक्ष्म भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात व त्यांचे उलट पडसाद यंत्र ऐकते. हे तत्त्व जुनेच आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशाच साधनाने शरीरातील गोळी शोधण्याचा प्रयत्न केला होता; तो सफल झाला नाही. पुढे गेरहार्ड फिशर यांस १९३७ साली अमेरिकेत अशा यंत्राचे पेटंट मिळाले, आणि दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळूत पेरलेले सुरुंग शोधण्यासाठी या यंत्रांचा मोठा उपयोग झाला.

तात्पर्य, यंत्रास ऐकू येते ती केवळ विद्युत्‌वाहकता. सोन्याचा लहान खडा, शिशाची गोळी आणि पेयाच्या डब्याचे ॲल्युमिनियमचे झाकण यांचा आवाज कित्येकदा सारखाच येतो. यंत्राच्या पडद्यावर आकडे उमटतात खरे, पण त्या आकड्यांवरून सोने निश्चित करता येत नाही. लोखंड वगळण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते. मात्र लोहयुक्त मातीत खोलवर असलेला सोन्याचा खडाही यंत्रास कधी कधी लोखंड वाटतो. म्हणून अनुभवी शोधक संशयास्पद आवाज आला की खणूनच पाहतात. ‘हे यंत्र फक्त सोनेच दाखविते’ अशी जाहिरात ज्या यंत्राची असेल, त्यापासून दूर राहणे श्रेयस्कर.

दुसरी भ्रामक गोष्ट म्हणजे खोलीचे दावे. वेटोळ्यापासून अंतर वाढत गेले म्हणजे पडसाद फार झपाट्याने क्षीण होतो. वेटोळ्याच्या आकारमानाच्या मानाने अंतर बरेच असेल, तर ते दुप्पट होताच पडसाद सुमारे चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. निसर्गाचा हा नियम कोणत्याही कारखानदारास मोडता येत नाही. म्हणूनच दुप्पट किमतीचे यंत्र दुप्पट खोल पाहील, अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ आहे. गुंजभर वजनाचा कण दोन-चार बोटांच्या खोलीपर्यंतच सापडावयाचा. हातभर खोलीवरचा खडा ऐकू यावयाचा तर तो खडाही तसाच मोठा असला पाहिजे.

दोन जाती

सुवर्णशोधासाठी वापरावयाच्या यंत्रांच्या मुख्य जाती दोन. त्यांचा भेद समजला म्हणजे निवडीचे अर्धे काम झाले.

पहिल्या जातीस व्ही.एल.एफ. म्हणतात. तिचे वेटोळे अखंडपणे लहरी सोडीत असते. नाणी शोधण्याच्या साध्या यंत्रांत या लहरींची वारंवारता थोडी असते. सोन्यासाठी बनविलेल्या यंत्रांत ती मुद्दाम वाढविलेली असते, कारण उच्च वारंवारतेस बारीक कण अधिक चांगले ऐकू येतात. उदाहरणार्थ, फिशर कंपनीचे गोल्ड बग-२ हे यंत्र ७१ किलोहर्ट्‌झवर, तर ऑस्ट्रेलियातील मायनलॅब कंपनीने २०१७ साली काढलेले गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ किलोहर्ट्‌झवर चालते. ही यंत्रे हलकी असतात, शिकण्यास सोपी असतात, व लोखंड बऱ्याच अंशी ओळखतात. किंमत सर्वसाधारणपणे हजार डॉलरांच्या आतबाहेर. त्यांचे वैगुण्य हे, की ज्या मातीत काळी चुंबकीय वाळू अथवा लोहदगड फार, तेथे माती स्वतःच ओरडू लागते व त्या गोंगाटात सोन्याचा बारीक आवाज बुडून जातो.

दुसरी जात पल्स इंडक्शन. हे यंत्र लहर सोडते, मग क्षणार्धाच्याही अल्प अंशाइतके थांबते, आणि मातीचा स्वतःचा पडसाद विरू लागल्यावर कान देते. गर्दीच्या बाजारात हाक मारून, आवाज थोडा ओसरल्यावर उत्तर ऐकावे, तसे हे आहे. यामुळे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लाल, लोहयुक्त भूमीतही ते खोलवर ऐकू शकते. मायनलॅबने १९९५ साली एस.डी. २००० हे यंत्र आणल्यानंतर तेथील जुन्या, संपल्या म्हणून सोडलेल्या क्षेत्रांतून पुन्हा सोने निघू लागले. पुढे २०२१ साली त्याच कंपनीचे जी.पी.एक्स. ६०००, तर २०२२ साली अमेरिकेतील गॅरेट कंपनीचे ॲक्झिऑम ही हलकी यंत्रे बाजारात आली. या जातीतील उत्तम यंत्रांची किंमत कित्येक हजार डॉलर होते; शिवाय लोखंड वगळण्याच्या बाबतीत ती कमजोर असल्याने दिवसभर खिळे व तारा उपसण्याची तयारी ठेवावी लागते.

तेव्हा कोणती जात श्रेष्ठ, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या मातीसाठी, हे प्रथम विचारले पाहिजे. अरिझोना-कॅलिफोर्नियामधील ज्या घळींत खडक उथळ आहे, कण बारीक आहेत व माती मध्यम आहे, तेथे पहिल्या यंत्रासाठी व्ही.एल.एफ. पुरेसे होते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लोहभूमीत मात्र ते यंत्र नवशिक्यास निराशच करील. तेथे पल्स यंत्र हवे, आणि तेवढी रक्कम गुंतविण्यापूर्वी काही दिवस भाड्याने घेऊन पाहावे हे शहाणपणाचे. सुवर्णक्षेत्रांच्या गावांतून अशी यंत्रे भाड्याने देणारी दुकाने असतात.

वेटोळे, तोल आणि इतर अंगे

यंत्राच्या नावापेक्षा काही लहानसहान गोष्टींवर यश अधिक अवलंबून असते. पाच-सहा इंचांचे लहान वेटोळे बारीक कणांस तीक्ष्ण असते व झुडपे आणि खडक यांच्या सांदीत शिरते. मोठे वेटोळे मोठ्या खड्यास अधिक खोलीवर पकडते व जमीनही लवकर आटोपते, पण बारीक कण त्यातून निसटतात. एकाच यंत्रास दोन्ही वेटोळी जोडता येत असतील, तर ते यंत्र पसंत करावे.

मातीचा दोष वजा करण्याची जी सोय यंत्रात असते, तिला भूमि-संतुलन म्हणतात. तराजूचा काटा आधी शून्यावर आणून मगच वजन करावे, त्यातलाच हा प्रकार. काही यंत्रांत हे आपोआप होते, काहींत हाताने करावे लागते. नवशिक्यास आपोआप होणारे सोयीचे. तथापि दोन्ही सोयी असलेले यंत्र अधिक काळ साथ देते. ज्यात संतुलन कारखान्यातच कायमचे ठरवून टाकलेले असते, ते स्वस्त असले तरी या कामास निरुपयोगी समजावे.

यंत्र चार-पाच तास हातात धरून हलवावयाचे असते. म्हणून दुकानात निदान पंधरा मिनिटे ते हातात धरून पाहावे. हेडफोन अवश्य घ्यावा, कारण सोन्याचा आवाज बहुधा एवढा मंद असतो, की वाऱ्यात तो मोकळ्या कानास ऐकू येत नाही. बॅटरी बदलता येते काय, आणि दुरुस्तीची सोय जवळपास आहे काय, हेही विचारावे.

व्यापाऱ्याचा हिशेब

आता आपल्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे वळू. परदेशात सोने ट्रॉय औंसात मोजतात. एक ट्रॉय औंस म्हणजे ४८० ग्रेन व आपला एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. यास्तव एक औंस बरोबर २ तोळे ८ मासे भरतो. माशाच्या ८ गुंजा धरल्या, तर औंसाच्या २५६ गुंजा झाल्या. व्ही.एल.एफ. यंत्राने नवशिक्यास जे कण सापडतात, ते बहुधा गुंज-दोन गुंजांचेच असतात. अर्थात एक औंस जमविण्यास असे शे-दोनशे कण हवेत. पहिल्या कित्येक दिवसांत एकही कण न सापडणे हा तर सर्वसाधारण अनुभव होय.

शिवाय भूमीतील सोने शुद्ध नसते. त्यात चांदीचा अंश असतोच, व कस क्षेत्राप्रमाणे बहुधा शेकडा ८० ते ९५ यांच्या दरम्यान राहतो. याच्या उलट बाजूस, सुबक नैसर्गिक खड्यास संग्राहक वितळ-किमतीपेक्षा अधिक मोल देतात. म्हणून सापडलेला खडा कधीही घाईने आटवू नये.

खर्चाच्या बाजूस केवळ यंत्र धरून चालत नाही. चुंबक लावलेली मजबूत कुदळ, प्लॅस्टिकची लहान फावडी, हेडफोन, नकाशे, वाहनाचे इंधन आणि एखाद्या शोधक-मंडळाची वर्गणी, ही सर्व जमेस धरली पाहिजेत. आमच्या मते एकूण रकमेचे तीन भाग करावे. दोन भाग यंत्रास द्यावे व तिसरा इतर साधने आणि प्रवास यांसाठी राखून ठेवावा. सर्व रक्कम यंत्रात घालून जो वाळवंटात जाण्यास पैसे शिल्लक ठेवीत नाही, त्याची स्थिती दुकानाच्या फळीवर सर्व भांडवल खर्चून माल भरण्यास पैसा न उरलेल्या माणसासारखी होते. आणि हा उद्योग नव्हे, छंद आहे, हे घरात आधीच स्पष्ट बोलून ठेवावे. परत न आली तरी संसारास धक्का लागणार नाही, एवढीच रक्कम यात घालावी. कर्ज काढून यंत्र घेण्याचा सल्ला आम्ही कोणासही देणार नाही.

खरेदीपूर्वी परीक्षा

नावाजलेल्या यंत्रांच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. भाव फारच उतरलेला दिसला, तर माल नकली असण्याचा संभव धरावा व कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. वापरलेले यंत्र घेण्यास हरकत नाही. परंतु त्यावरील क्रमांक कंपनीकडे पडताळून पाहावा व सुटे भाग मिळतात की नाही याची खात्री करावी. अमेरिकेतील व्हाइट्स ही जुनी कंपनी २०२० साली बंद झाली. तिची यंत्रे आजही अनेकांच्या हाती आहेत, पण अशा यंत्राचे मोल ठरविताना दुरुस्तीची अडचण हिशेबात घेतली पाहिजे.

परीक्षेची एक सोपी रीत आहे. शिशाचा बारीक छर्रा प्लॅस्टिकच्या चकतीत बसवावा. शिशाचा आवाज लहान खड्याच्या आवाजाशी बराच जुळतो. ती चकती जेथे शोध करावयाचा आहे तेथील मातीत एक बोट, दोन बोटे, चार बोटे अशी पुरून यंत्र फिरवावे. दुकानाच्या टेबलावर, हवेत धरून घेतलेली परीक्षा फसवी असते, कारण हवेत लोहांश नसतो. दोन यंत्रांची तुलना करावयाची असल्यास एकाच दिवशी, एकाच मातीत, एकाच चकतीवर करावी.

भूमी कोणाची?

सर्वांत महत्त्वाची बाब शेवटी सांगतो. सोने ज्या भूमीत आहे ती कोणाची, हे ठरल्याशिवाय यंत्र चालू करू नये. अमेरिकेत १८७२ च्या खाणकायद्यान्वये सरकारी भूमीवर खाणहक्क नोंदविता येतो, पण तो अधिकार नागरिकांस व नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेल्यांसच आहे. दुसऱ्याच्या नोंदलेल्या हक्काच्या जागेतून एक गुंज जरी उचलली, तरी ती चोरीच ठरते. म्हणून ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडील नोंदी आधी पाहाव्या. राष्ट्रीय उद्यानांत असा शोध निषिद्ध आहे. ज्यांस स्वतःचा हक्क नाही त्यांनी शोधक-मंडळाचे सभासद व्हावे. मंडळाच्या हक्काच्या जागेत सभासदांस शोध करता येतो, आणि जुन्या सभासदांकडून जे शिकावयास मिळते ते कोणत्याही पुस्तिकेत नसते. पश्चिम ऑस्ट्रेलियात ‘माइनर्स राइट’ नावाचा परवाना काढावा लागतो, व दुसऱ्याच्या पट्ट्यावर जाण्यास वेगळी अनुमती लागते.

हे वाचून कोणी कोलार किंवा हट्टीच्या परिसरात यंत्र घेऊन निघेल, तर त्यास सावध करणे आमचे कर्तव्य आहे. कोलारची खाण २००१ साली बंद झाली असली व रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण चालू असली, तरी आपल्या देशात खनिजांचा शोध १९५७ च्या खनिज कायद्याखालील परवान्याविना करता येत नाही; आणि भूमीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या निखात-निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे.

जिवाची काळजी तर सर्वांआधी. दर माणशी दर दिवशी किमान चार लिटर पाणी बरोबर असावे, एकट्याने जाऊ नये, आणि कोठे जातो व केव्हा परततो हे घरी लिहून ठेवावे. जुन्या खाणींची उघडी विवरे व विषारी सर्प यांचे भय सदैव असते. मोहावी परिसरात १९४२ ते १९४४ या काळात सैन्याचे मोठे शिक्षणकेंद्र होते. त्या भागात यंत्र पितळी काडतुसांवर वारंवार बोलते. क्वचित न फुटलेला गोळाही निघू शकतो. तसे काही दिसताच हात न लावता दूर व्हावे व अधिकाऱ्यांस कळवावे.

सारांश

झारेकऱ्याचे कसब त्याच्या घमेल्यात नसते. कोणत्या दुकानाची धूळ विकत घ्यावी, हे ओळखण्यात असते. सुवर्णशोधाचेही तेच आहे. आधी भूमी ठरवावी, मग त्या भूमीतील सोने बारीक की मोठे, व मातीत लोहांश किती, हे जाणत्यांस विचारावे. वर्षातून आपण किती दिवस जाऊ शकू, हे प्रामाणिकपणे मोजावे, आणि सर्वांच्या शेवटी यंत्र निवडावे. वर्षातून चार-सहा दिवसच जाणे होणार असेल, तर मध्यम किमतीचे, सोन्यासाठीच बनविलेले, भूमि-संतुलनाची सोय असलेले व दोन वेटोळी घेणारे व्ही.एल.एफ. यंत्र हेच पहिले यंत्र म्हणून योग्य. ते एक-दोन वर्षे मनःपूर्वक वापरल्यावर मोठ्या यंत्राची गरज आहे की नाही, हे वापरणाऱ्यास आपोआप कळेल. आणि नसल्यास वाचलेली रक्कम ही त्या शोधातील पहिली व खात्रीची कमाई ठरेल.

आपल्या परदेशस्थ मुलांनी हा छंद अवश्य करावा. उघड्या आकाशाखाली श्रम करून मिळविलेल्या गुंजभर सोन्याचे मोल पेढीवरच्या तोळ्यापेक्षा निराळे असते, व सोने किती कष्टाने भूमीबाहेर येते याची जाण व्यापाऱ्याच्या घरात असणे केव्हाही हितावहच आहे.